पाय आईचा, बोलणारे आम्ही

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, त्याच्याच अंगाबद्दल, तुम्ही कधी काही विचारलंय का? गोळी घेतली का, जेवलीस का, ते न्हवं. तुला काय पाहिजे, असं. मी नर्स, वीस वर्सं झाली या कामाला, आणि मी माझ्या आईला विचारलं न्हवतं. म्हणून सांगायला बसले.

मी सुमन, निपाणीजवळच्या बोरगावची. आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला, खकाणा, म्हणजे तंबाखूची बारीक धूळ, एवढा की ती घरी येऊन पदर झटकायची आणि आम्ही भावंडं शिंकत सुटायचो. वडील लवकर गेले. मला आणि माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, तिनं एकटीनं शिकवलं. अण्णा बेळगावात सरकारी ऑफिसात लागला, मी नर्सिंग करून तिथल्याच एका दवाखान्यात. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर संविधानाचं पहिलं पान रंगवलेलं होतं, स्वातंत्र्य, समता, बंधुता, त्याच्याखाली बसून आम्ही पाढे पाठ केले, पण काय सांगू तुम्हाला, जे रोज डोळ्यासमोर असतं ते माणूस वाचत न्हाय.

चाळिशीला टेकले तवा इंग्लंडला गेले, केअर होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं घर. पहिल्याच दिवशी आम्हा नव्या लोकांना बसवून एका बाईनं पडद्यावर दाखवलं, ही ब्रिटिश मूल्यं, कामावर आणि बाहेर सगळ्यांनी पाळायची. कायदा सगळ्यांना सारखा, आपलं आपण ठरवायचं स्वातंत्र्य, लोकशाही, दुसऱ्याच्या धर्माचा मान. मला हसू आलं. मनात म्हटलं, बाई, तुमचं राज्य होतं तवा माझ्या आज्ज्याला गावच्या विहिरीवर चढू देत न्हवते, तवा ही मूल्यं कुठल्या पेटीत बंद होती? आणि ही तर आमच्या विहाराच्या भिंतीवर हाईत. तुमची कशी झाली?

पण खरं सांगायचं तर, भिंतीवर होती, माझ्या हातात न्हवती. ते मला हॅरॉल्ड नावाच्या म्हाताऱ्यानं दाखवलं. नव्वदीचा गडी, हात थरथरायचे. मी सकाळी दार ढकलून आत जायची, आपल्याकडं कोण दार वाजवतंय, आणि आजोबा आजोबा म्हणत त्याच्या शर्टाची बटणं लावून टाकायची, माझ्या मनात तर माया. आठ दिवसांनी त्यानं माझी तक्रार केली. मला वाटलं, संपलं, आता व्हिसा गेला, परत बोरगाव. मॅनेजर बाईनं बोलावलं. आरडाओरडा न्हाय, काय न्हाय, आधी म्हणाली, तुझी बाजू सांग. मी सांगितली. मग मला घेऊन हॅरॉल्डकडं गेली, स्वतः मॅनेजर असून दार वाजवलं, त्याचा आवाज येईस्तोवर बाहेर थांबली, आणि त्याला विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? तो म्हणाला, हीच पोरगी येऊ दे, फक्त तिला म्हणावं बटणं माझी हाईत. दुसऱ्या दिवसापासून मी नुसती बसायची. सहा बटणांना अकरा मिनिटं लागायची. शेवटचं लागलं की माझ्याकडं असा बघायचा जणू कुस्ती मारली.

तिथली सगळी काय देवमाणसं न्हवती हो. एक म्हातारी माझा हात लागला की मनगट पुसून घ्यायची. मी गप्प, आम्हाला त्याची पिढ्यान्‌पिढ्या सवय. मॅनेजर गप्प बसली न्हाय, त्या म्हातारीला जाऊन म्हणाली, मदत नको म्हणायचा हक्क तुमचा, अपमान करायचा न्हाय. जो नियम मला, तोच तिला. तीन वर्सं राहिले तिथं, आणि आईला सांभाळायला म्हणून परत आले.

आता मूळ गोष्टीवर येते. आईला साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, तिनं हळद दाबली, सांगितलंच न्हाय, दोन बोटं काळी पडली तवा कळलं. बेळगावच्या एका दवाखान्यात दाखल केली. डॉक्टर तरुण, कन्नड बोलणारा. आपल्या भागात एक रीत हाय, तुम्हाला ठाऊक असंल, म्हाताऱ्या माणसासमोर वाईट बोलायचं झालं की कन्नडमध्ये बोलायचं, म्हणजे त्याला कळत न्हाय. आम्ही दोघं भावंडं तिच्या खाटंच्या दोन बाजूंना उभी, आणि डॉक्टरशी कन्नडमध्ये सगळं ठरवलं. पाय गुडघ्याखाली काढायचा. अण्णा म्हणाला, तिला सांगू नका, जखम साफ करतोय एवढंच सांगा. आणि मी, तीन वर्सं दारं वाजवून आलेली, मी मान हलवली. कागदावर सही करायला पेन उघडलं.

आई म्हणाली, सुमे, पाय माझा हाय न्हवं?

अण्णा म्हणाला, अगं आई, तू झोप. ती म्हणाली, झोपते की. तीस वर्सं वखारीत माझ्या शेजारी बसायची ती मल्लव्वा काय इंग्रजी बोलायची व्हय रं? तुम्ही ल्हान होता तवापास्नं माझ्यासमोर कन्नडमधी बोलताय, मी बी म्हटलं, बोलू देत, लेकरं शाणी झाली.

डॉक्टर हसला न्हाय. स्टूल ओढून तिच्याजवळ बसला, मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, अज्जी, विचारा. ती म्हणाली, दुसरी वाट हाय का? तो म्हणाला, हाय, नुसती बोटं काढायची, पण जखम भरंल का न्हाय सांगता येत न्हाय, न्हाय भरली तर परत ऑपरेशन आणि तवा धोका जास्त, माझा सल्ला विचाराल तर गुडघ्याखाली. ती म्हणाली, बोटं काढल्यावर संडासला माझी मी जाईन? जखम भरली तर, व्हय. आणि पाय काढल्यावर? नकली पाय बसवता येतो, पण या वयात अवघड हाय अज्जी. तिनं पांघरूण सारून आपला पाय नीट बघून घेतला. मग म्हणाली, बोटं काढा.

माझं मत काय होतं, ऐकताय तर ते बी ऐका. नर्स म्हणून माझं मत डॉक्टरसारखंच होतं, आणि ते मी तिला एकदा स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, ऐकलं गं बाई, बोटं काढा. मी कागद तिच्या पुढ्यात धरला. अण्णा बाहेर व्हरांड्यात माझ्यावर तुटून पडला, आली मोठी मॅडम, लंडनचं शाणपण आईच्या जिवावर चालवतीस व्हय? पायातलं विष वर चढलं तर तुझ्या माथी. मी म्हटलं, चढलं तर तुझ्यासारखीच मी बी रडीन, पण चोरून पाय कापायला मी सही देणार न्हाय.

बोटं काढून चार महिने झाले. जखम अर्धी भरलीय. डॉक्टर दर आठवड्याला बघतो, अजून ठाम काय बोलत न्हाय. आई काठी घेऊन संडासला जाते, लई वेळ लागतो, मी दाराशी हात न लावता उभी असते, आणि तेवढ्या वेळात माझा जीव वर-खाली होतो ते तिला कळू देत न्हाय. अण्णा रविवारी येतो, तिच्याशी बोलतो, माझ्याशी न्हाय. बोलंल कधीतरी. त्याचा बी जीव हाय तिच्यावर, मला ठाऊक हाय. पुढं काय होईल ते मला सांगता येत न्हाय, आणि आईला विचारलं तर म्हणते, ठरवलं मी हाय, मला भ्या न्हाय, तू कशाला भितीस.

तुमच्याकडं एक मागणं हाय. कुणाचं तरी ऑपरेशन, कुणाचं लग्न, कुणाला गावाकडनं शहरात हलवायचं, असलं काहीतरी आत्ता तुमच्या बी घरात ठरत असंल, आणि ते माणूस शेजारच्या खोलीत बसलेलं असंल. आज उठा, त्याच्याकडं जा, त्याला कळंल अशा भाषेत सगळं सांगा, आणि विचारा, तुला काय पाहिजे. मग गप्प बसा. उत्तराला वेळ लागंल. लागू दे.