निगेटिव्ह म्हणजे चांगलंच ना!

...आणि वर मलाच विचारतात, "निगेटिव्ह म्हणजे चांगलंच ना!" अहो, चांगलं कसलं? तुम्हाला सांगते, पोटच्या पोरीची टेस्ट पॉझिटिव्ह येऊ दे म्हणून हात जोडणारी आख्ख्या अमेरिकेत मी एकटीच आई असेन, आणि तेही सासूबाईंच्या शेजारी उभं राहून, ज्या त्याच देवापुढे ती निगेटिव्ह आली म्हणून साखर ठेवतायत... आता देवाने ऐकायचं तरी कोणाचं?

सुरुवात झाली हरणांपासून. घरामागे रानातून जाणारी ट्रेल आहे, संध्याकाळी हरणं येतात. आता हरणांबरोबर गोचीडही येतात, हे माझ्या डोक्यात यायला नको? पण नाही! मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले, "आमच्या अंगणात!!" चौदा हार्ट आले हो! आणि आठवड्याभरात आमची सावनी, वय वर्षं सहा, मांडी खाजवत आली, "मम्मा, लुक, अ सर्कल!" बघते तर लालसर गोल, सुपारीएवढा. दोन दिवसांत पुरीएवढा! सासूबाई म्हणाल्या, "नायटा दिसतोय गं, हळद लाव." आणि मी, मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलेली बाई, दोन वर्षं जंतू वाढवले लॅबमध्ये, मी काय केलं? लावली! खोबरेल तेलात कालवून, चांगली दाट, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस!

मग ताप आला, गुडघा सुजला, धावलो डॉक्टरकडे. त्यांनी लाइमचं, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या आजाराचं, चित्र दाखवलं. गोरीपान पाठ, त्यावर लालभडक वर्तुळ, नेमबाजीच्या निशाण्यासारखं. "असं होतं का?" आणि इथे सावनीची सावळी मांडी, त्यावर पिवळाधम्मक थर... "व्हॉट इज धिस?" म्हटलं, "टर्मरिक, डॉक्टर." "ऑन पर्पज?" मग म्हणे, वर्तुळाचा फोटो आहे का? फोटो आहेत ना, चाळीस आहेत... हरणांचे! तो गोचीड जपून ठेवलाय का? अहो, खसखशीएवढा जीव, आम्ही पाहिलाच नाही, ठेवू काय मसाल्याच्या डब्यात?

मग रक्त घेतलं. दोन दिवसांनी नर्सचा फोन, आवाज इतका गोड की कानात साखर पडावी, "गुड न्यूज! निगेटिव्ह!" म्हटलं, म्हणजे लाइम नाही? तर म्हणे, तसं नाही. ही टेस्ट जंतू शोधत नाही, जंतूंशी लढायला अंगात ज्या अँटीबॉडीज होतात त्या शोधते, आणि त्या व्हायला काही आठवडे लागतात. बरं, म्हणजे लाइम आहे? तसंही नाही. मग औषध द्या! चार आठवड्यांनी पुन्हा टेस्ट करू. पण तोवर पसरलं तर? ...हॅव अ ग्रेट डे!

नवरा म्हणजे राजस, तो काय म्हणाला असेल? "यार शरयू, चिल. गूगल बंद कर आधी. निगेटिव्ह म्हणजे चांगलंच ना!" आणि त्याच्यामागे पोरगी जिना बसून बसून उतरतेय, एकेक पायरी, "मम्मा, माय नी इज नॉट लिसनिंग टू मी." तिला काय सांगू, बाळा, या घरात माझंही कोणी ऐकत नाही? मी वेडीबिडी होतेय का, हेही मी गूगल केलं. हळद लावली नसती तर? हाही प्रश्न रोज. त्याला तर गूगलकडेसुद्धा उत्तर नाही.

तेवढ्यात शेजारची नेत्रा म्हणाली, लाइम लवकर पकडणारी टेस्ट शोधायला सरकारने निधी द्यावा, असा प्रस्ताव आलाय, समितीपुढे कोणीही बोलू शकतं, दोन मिनिटं. लगेच नाव नोंदवलं! मायक्रोवेव्हचा टायमर लावून प्रॅक्टिस केली. दोन मिनिटं चार सेकंद. मग श्वास काढून टाकले. एक मिनिट अठ्ठावन्न!

दीड तास ड्राइव्ह करून गेले. माइकपुढे उभी राहते तोच अध्यक्षीणबाई म्हणतात, "पूर्ण नाव सांगा, स्पेलिंगसकट." आता मी शरयू धोपेश्वरकर! डी फॉर डॉग, एच फॉर... आणि समोर घड्याळ चालू! धोपेश्वरपर्यंत पोचले तर हिरवा दिवा गेला, पिवळा लागला. 'कर' अजून बाकी! मग ठेवला कागद बाजूला आणि म्हटलं, "माझी मुलगी सहा वर्षांची आहे, जिना बसून उतरते, तिला काय झालंय ते मला आज कळायला हवंय. हळद लावली ही माझी चूक, मान्य! पण टेस्ट तर मी नाही ना बनवली?"

लाल दिवा.

बाईंचे डोळे पाणावले हो, अगदी मनापासून. "सो सॉरी, मुलीला लाइम आहे?" म्हटलं, तेच तर कळत नाहीये! "पण टेस्ट काय म्हणते?"

"...निगेटिव्ह."

आख्ख्या खोलीने हुश्श केलं! "ओह, दॅट्स वंडरफुल!" बाईंच्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी कागद चाळले, म्हणाले, तसंही आपल्याकडे पॉझिटिव्ह केसेस फारच कमी आहेत, निधीची गरज दिसत नाही. अहो, टेस्ट धड नाही म्हणून केस सापडत नाही, केस सापडत नाही म्हणून निधी नाही, निधी नाही म्हणून टेस्ट धड नाही... आलं ना परत वर्तुळ? एवढं मोठं! याला कुठली हळद लावू? मतं पडली, तीन बाजूने, चार विरुद्ध. संपलं.

घरी आले. सावनी सोफ्यावर, गुडघ्याखाली उशी. पुढच्या टेस्टला अजून सोळा दिवस. "मम्मा, डिड यू विन?" मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला... गरमच होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई, "शरयू, काय गं लागला निकाल?"

तोंडून निघून गेलं, "निगेटिव्ह."

आणि आतून साखरेच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज!

म्हटलं, "ठेवा आई... आज दोन चमचे ठेवा."