प्रतिज्ञेची वही

नामदेव : ...म्हनून वही आनलीय, बाई. विंगवार, फ्लॅटवार नावं हायत. उद्या झेंडा झाला की तुमी माइकवर प्रतिज्ञा सांगायची, सगले तुमच्या मागून म्हनतील. जो म्हनेल त्याच्या नावापुढं टिक, जो नाय म्हनेल त्याच्यापुढं फुली. बस.

चारुलता : आणि फुल्या मारणार कोण?

नामदेव : तुमीच की. तुमी समोर उभ्या. तुमच्यापासून काय लपतंय?

चारुलता : अरे, गावच्या शाळेत तीस वर्षं मी प्रतिज्ञा सांगितली. तू तिथलाच माझा विद्यार्थी. रिटायर झाल्यावर ह्या सोसायटीत दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला सांगते. कधी वही लागली नाही. यंदाच काय झालं?

नामदेव : काय झालं ते बसलंय ना तुमच्या सोफ्यावर, चा पीत.

सोनम : मी निघते, बाई.

चारुलता : बस खाली. चहा संपव. आणि तू रे, ‘बसलंय’ काय म्हणतोस? नाव आहे तिला.

नामदेव : सोनमताई. बी तीनशे दोन, भाडोत्री. बरं? पंधरा ऑगस्टला पयल्या रांगेत उभ्या. हात पुढं नाय, तोंड बंद. शंभर मानसं म्हनतायत आनि ही नवरा-बायको मख्ख. कोनीतरी व्हिडिओ काडला, ग्रुपवर टाकला. तवापासून जो भेटेल तो मना विचारतो, तू चेअरमन ना, मग असले लोक ठेवलेस कशाला?

सोनम : आणि म्हणून आमच्या एनओसीवर सही नाही. एकतीसला अ‍ॅग्रीमेंट संपतंय, बाई. घरमालक तयार आहेत, कमिटीच अडून बसलीय. माझा नवरा आकाश उरणला कंटेनर यार्डात, पहाटे पाचला निघतो. मी तुर्भ्याला. लेकीची, मैत्रीची, दुसरीची परीक्षा तोंडावर. सहा दिवसांत घर कुठं शोधायचं?

नामदेव : मी कुठं जा म्हनलो? उद्या हात पुढं करा, दोन मिंटं म्हना, परवा सही घ्या. त्यात काय टेन्शन?

सोनम : आणि नाही म्हटलं तर?

नामदेव : तर फुली. फुलीवाल्याला सही नाय.

चारुलता : सोनम, तू का गप्प राहिलीस ते मी कधी विचारलं नाही. सांगावंसं वाटलं तर सांग. नाहीतर राहू दे.

सोनम : सांगते. त्याच आठवड्यात माझे बाबा आले होते, हिंगोलीहून. लेकीचं घर बघायला, पहिल्यांदाच. रात्रभर बसनं. डोक्यावर पोतं, त्यात ज्वारी, नातीसाठी शेंगा. गेटवर वॉचमननं अडवलं. मी शिफ्टवर, मोबाइल लॉकरमध्ये. दोन तास गेटबाहेर भिजत उभे होते. मग म्हणे सामानाच्या लिफ्टनं जा, मोठी लिफ्ट मेंबर लोकांची आहे. बाबा वर आले, पोतं सोडलं. शेंगा तेवढ्या फॅनखाली वाळत घातल्या.

नामदेव : ते... कमिटीची ऑर्डर हाय. चोऱ्या झाल्यात.

सोनम : ऑर्डर कुणाची ते मला माहीत आहे, काका. त्यानंतर चौथ्या दिवशी मी झेंड्याला आले. सलामी दिली, राष्ट्रगीत म्हटलं. ते व्हिडिओत नाही आलं. मग प्रतिज्ञा. बाईंच्या बाजूला तुम्ही उभे होता. आपण सगळे एकमेकांची भावंडं, असं तुमच्याकडे बघून म्हणायचं होतं मला. शब्द बाहेरच येईना. खोटं वाटलं.

नामदेव : मग भांडन कमिटीशी करायचं ना! देशानं काय घोडं मारलं तुमचं?

सोनम : देशाशी भांडण नाहीच माझं. संविधानाची उद्देशिका आमच्या भिंतीवर आहे, मैत्रीला तोंडपाठ येते. देश माझा आहे म्हणून तर लागलं. परक्याच्या दारात कुणी अडवलं तर माणूस मुकाट परत फिरतं.

नामदेव : बोलायला ठीक हाय. पन देशाचं म्हननं सगल्यांनी म्हनायलाच पायजे. पोटात काय बी असू दे. आज ही गप, उद्या दहा जन गप, मग राहिलं काय? आमच्या बापानं भातशेती दिली, मिठागर दिलं, त्याच्यावर हे शहर उभं हाय. मना नका शिकवू देशप्रेम.

चारुलता : दिली म्हणतोस?

नामदेव : म्हंजे?

चारुलता : तू चौथीत होतास. जमीन द्यायची नाही म्हणून तुझे वडील मोर्चात गेले. पोलिसांनी उचललं. तेरा दिवस आत होते.

नामदेव : बाई, ते कशाला उकरता आता?

चारुलता : तू रोज शाळेत यायचास. सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं, तिसरी रांग. प्रतिज्ञा सुरू झाली की हात चड्डीला चिकटलेले आणि ओठ घट्ट.

नामदेव : ...तुमाला दिसायचं?

चारुलता : मागून म्हणणाऱ्याला पुढच्याची मान दिसते रे. सांगणाऱ्याला सगळ्यांची तोंडं दिसतात.

नामदेव : मना वाटलं, कोनाला कललंच नाय.

चारुलता : हेडमास्तरांना कुणकुण लागली होती. मला म्हणाले, जी मुलं म्हणत नाहीत त्यांची नावं लिहून द्या, दाखल्यावर शेरा मारू.

नामदेव : मग?

चारुलता : मी म्हटलं, सगळी म्हणतात. त्या शाळेत तेवढं एकच खोटं बोलले मी. मला त्याची अजून लाज वाटत नाही. पाणी देऊ?

नामदेव : नको. ...चौदाव्या दिवशी बाप आला. दाढी वाढलेली. तसाच मना खांद्यावर घेतला आनि शालेत सोडला. त्या दिवशी मी म्हनलो. जोरात म्हनलो, बाई.

चारुलता : माहीत आहे. तुझा आवाज ऐकून मीच पुढची ओळ विसरले.

सोनम : कुणी जबरदस्ती केली म्हणून म्हटलंत का, काका?

नामदेव : नाय गं. बाप घरी आला म्हनून.

चारुलता : वही दे इकडे.

नामदेव : देतो. पन माझं मत तेच हाय हां, बाई. प्रतिज्ञा म्हनावी मानसानं.

चारुलता : मग मी कुठं म्हणू नका म्हणते? मागची पानं कोरी दिसतायत. मैत्रीला शुद्धलेखनाला होतील.

नामदेव : कमिटी मना कच्चा खाईल.

चारुलता : त्यांना सांग, वही असेल तर बाई माइकला हात लावणार नाहीत. आणि विचार, एकट्याला पूर्ण पाठ कुणाला आहे? जन्मभर मागून म्हणत आलेत सगळे.

नामदेव : मनाबी नाय येत मधली. ...सोनम, तो एनओसीचा कागद हाय का पर्समध्ये? पेन दे.

सोनम : आत्ता? उद्याचं बघायच्या आधी?

नामदेव : उद्याचं बघून केली तर ती सही कसली? हां, ही घे. आनि बाबा कुठं असतात तुझे?

सोनम : कालच आलेत. ह्या वेळी मी गेटवर जाऊन उभी राहिले होते. वर मात्र सामानाच्या लिफ्टनंच आलो.

नामदेव : उद्या सकाली मी येतो त्यांना न्यायला. मोठ्या लिफ्टनं खाली जाऊ. कोन काय बोलतंय बघतोच.

चारुलता : शाब्बास. आणि उद्या प्रतिज्ञा तू सांगायचीस.

नामदेव : मी? बाई, माझी दांडी उडेल!

चारुलता : उडू दे. मी मागून म्हणते. आज रात्री पाठ कर.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रतिज्ञा नुकतीच संपली आहे, जिलेबीची ताटं फिरत आहेत.)

नामदेव : दोनदा अडकलो ना, बाई?

चारुलता : एकदा तुझं तूच सावरलंस. दुसऱ्यांदा सोनमच्या बाबांनी, बाजीरावांनी, खुर्चीतून उठून पुढची ओळ दिली.

नामदेव : काय खनखनीत आवाज मानसाचा! शेवटी सगले मना सोडून त्यांच्याच मागून म्हनत होते. व्हिडिओवाला पन. सोनम, एवढं पाठ कसं गं त्यांचं?

सोनम : गावच्या शाळेत शिपाई होते बाबा. पस्तीस वर्षं रोज ऐकलीय, व्हरांड्यात उभं राहून. घंटा त्यांच्या हातात असायची, म्हणून रांगेत कधी उभं राहता आलं नाही. माइकसमोर तर आजच. आत्ता मला म्हणाले, पोरी, मी काही चुकलो नाही ना?

चारुलता : सांग त्यांना, एक अक्षरही नाही. माझ्या शाळेत असते तर मी त्यांनाच पुढं उभं केलं असतं. ...काय रे नामदेव, समोरून दिसलं का, कोण म्हणत होतं आणि कोण नव्हतं?

नामदेव : नाय, बाई. मी डोले मिटलेले.

सोनम : मी म्हटलं, काका. पहिल्या शब्दापासून.

नामदेव : ते मना कशाला सांगतेस, पोरी? बाबांना जिलेबी दे आधी, गरम हाय.