सलीमचा बेसूर बँड

जळणं म्हणजे काय, ते मला विचारा. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मंगळवार पेठेत आमचा लग्नाचा बँड होता, मी क्लॅरिनेट वाजवायचो. माझ्या हाताखाली तयार झालेला सलीम वेगळा झाला आणि त्यानं स्वतःचा बँड काढला. त्याचा भाऊ बोटीवर नोकरीला. त्यानं विलायतेतनं आणलेली एक कॅसेट सलीमनं मला ऐकवली. नुसता आरडाओरडा, मधेच पत्रा बडवल्यासारखा आवाज.

"हे गाणं हाय व्हय रं?" मी म्हटलं.

"वस्ताद, ह्याला पंक म्हणत्यात. तिकडं पहिल्या नंबरावर हाय!"

सलीमनं तोच धिंगाणा वरातीत आणला. पोरं वेडी झाली. पुढच्या लग्नसराईत सगळ्या सुपाऱ्या त्याला आणि माझं क्लॅरिनेट खुंटीला. माझ्या सख्ख्या मेव्हण्यानंही शिरोळच्या लग्नाला त्यालाच बोलावलं. मी गेलो, ते चुका काढायलाच. मांडवाच्या कडेला दातओठ खात उभा होतो. सलीमनं मला बघितलं, बँड थांबवला आणि सगळ्यांदेखत माझे पाय धरले.

"हे माझे वस्ताद. मला जे काय येतंय, ते ह्यांनीच शिकवलंय."

टाळ्या पडल्या. माझं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात एक म्हातारं पावणं पुढं आलं आणि कौतुकानं म्हणालं, "म्हंजे हे बेसूर वाजवायचं तुम्हीच काढलंसा व्हय?"

मी पोरांकडं बघितलं. ती अजून नाचायच्या तयारीत उभी होती.

"व्हय," म्हटलं, "मीच की!"