लग्नाच्या पाकिटावर फिकी शाई

...आणि वर म्हणतात, आमची संस्कृती! डोंबल्याची संस्कृती! तुम्हाला सांगतो, जगातल्या बाकीच्या लोकांना एक लिपी पुरते, जेवतात, झोपतात, सुखानं मरतात, आणि आम्हा जपान्यांना मात्र तीन-तीन! आमचे पूर्वज होडीत बसून चीनला गेले, बरं गेले, चहा आणला, रेशीम आणलं, इथवर ठीक, येताना ती अक्षरंही कशाला भरून आणलीत बाबांनो? एकेक अक्षर म्हणजे मोडकी खिडकी! आणि तेवढ्यानं भागेना म्हणून घरच्या दोन लिप्या वर! मी म्हणतो, कुणी सांगितलं होतं लिहायला?

आमचं आडनाव कामाता. बोलायला किती सोपं! आणि लिहायला बसलं की पहिल्याच अक्षरात रेघांची अशी गर्दी, की डावीकडे शिरलेला माणूस उजवीकडून बाहेर येईल की नाही, शंका. हल्ली फोनच सगळं लिहून देतो, त्यामुळे वाचायला येतं, पण हाताला विचाराल तर तो म्हणतो, मी ओळखत नाही बुवा यांना! पण लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर नाव कसं? हातानंच! आणि ब्रशनंच!

लग्न कुणाचं? बायकोची थोरली बहीण हिसानो, म्हणजे आमची अकडसासू, नावाप्रमाणे अकड भरपूर, तिच्या मुलाचं. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला माझ्या बायकोनं मागवलेला तेंपुरा, म्हणजे आमची भजी हो, थंड निघाला, तेव्हापासून दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. तेंपुऱ्यावरून हो! बायको कधीकधी आईच्या फोटोपुढे बसून पुटपुटायची, ‘ताईला एकदा समजाव ना गं.’ मला ऐकवायचं नाही ते. आणि अचानक आमंत्रण आलं! बायको रडली. म्हणाली, ‘अहो, एवढी एक संधी आहे. काही म्हणजे काही चुकवू नका हं.’

आता ते पेन! ब्रशच्या टोकांचं दुतोंडी पेन मिळतं आमच्याकडे. एका टोकाला काळीभोर शाई, ती लग्नाला. दुसऱ्या टोकाला फिकी, राखाडी, ती मयताला. का? तर म्हणे डोळ्यांतलं पाणी शाईत पडून ती पातळ झाली! म्हणजे रडायचीसुद्धा सोय पेनातच केलेली! आणि दोन्ही एकाच पेनात घालणाऱ्या त्या शहाण्याला मला एकदा भेटायचंय...

बायको सकाळपासून किमोनो नेसवून घ्यायला गेलेली. मी एकटा. पाकिटावर खोचायच्या नावाच्या कागदी पट्ट्या घरी लिहिल्या, त्या सगळ्या बिघडल्या, शेवटची उरली ती हॉलबाहेर गाडीच्या टपावर ठेवून लिहिली. आणि काय सांगू, जन्मात असं अक्षर आलं नव्हतं! ओली शाई काळीच दिसली हो मला! आत जाईपर्यंत वाळली... आणि राखाडी झाली! मयताचं टोक!

स्वागताला बसलेल्या मुलीनं दोन्ही हातांनी पाकीट घेतलं, बघितलं, आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकली. बोलली काही? छे! आमच्याकडे कुणी बोलत नाही, सगळं मेलं लिहायचं! मागे हिसानो उभी. ती गोड हसून म्हणाली, ‘वा, कामातासान, किती सुंदर अक्षर हो तुमचं!’ तेवढ्यात बायको आली, पाकीट पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाली, ‘अहो... कोण वारलं?’

लाल-पांढऱ्या दोऱ्यांचं मंगल पाकीट आणि त्यावर माझं नाव सुतकात! कुणी सांगितलं होतं लिहायला? संपलं, बायको घरी आल्यावर दारातच म्हणाली, आता ताई जन्मात तोंड बघणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. हिसानो! बायको गुडघे मुडपून बसली, फोनलाच वाकून वाकून माफी मागायला लागली. मग मला इथपर्यंत ऐकू आलं, ‘मित्सुए, अगं तू या माणसाबरोबर दिवस कसे काढतेस गं?’

आणि माझी बायको... इतक्या वर्षांचं साचलेलं... म्हणाली, ‘ताई, तुला काय काय सांगू!’ आणि हसली! दोघी हसल्या! मग रडल्या, मग परत हसल्या, माझा नाश्ता राहिला तो राहिलाच.

आता रोज फोन. तेंपुरा विसरल्या, रुसवा विसरल्या, विषय एकच, मी! माझं घोरणं, माझे मोजे, माझं मिसो सूप भुरकणं! काल मी हळूच म्हटलं, ‘काही म्हणा, तुम्हा बहिणींना जोडलं कुणी? मीच ना?’ बायकोनं फोनवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘तुम्ही गप्प बसा. आणि लिहू तर मुळीच नका!’

अहो, पण हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय!