एकतीसास वीस

गणिताच्या बाईशी संसार कसा असतो, ते मला विचारा! माझी बायको अंबरपेठेत सहावी-सातवीच्या पोरांच्या शिकवण्या घेते. मुलीच्या वाढदिवसाला तीस नॉनव्हेज आणि वीस व्हेज खाणारे पाहुणे येणार होते. हिनं बिर्याणीवाल्याला मेसेज टाकला, ‘नॉनव्हेज-व्हेज ३:२.’ घर पाहुण्यांनी भरलं आणि आल्या किती, तर पाच प्लेटी!

मी ओरडलो, तर मलाच म्हणते, “गुणोत्तर अतिसंक्षिप्त रूपातच लिहायचं असतं. दहानं भाग जात होता, दिला.”

बिर्याणीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम कू बोलो, मेहमानां कू भी दस से भाग देव, पाँचइच बचते!”

बायको खरंच पाहुण्यांकडे बघून विचार करायला लागली. तेवढ्यात नांदेडहून माझी आई न कळवता दारात हजर. हिनं कपाळावर हात मारला. “झालं! आता एकतीसास वीस. भागच जात नाही.” मग माझ्या हातातला फोन ओढून म्हणाली, “भाई, एकतीस नॉनव्हेज, बीस व्हेज, जल्दी भेजो.”

आई अजून गावभर सांगते, “मी दारात दिसले मात्र, सुनेनं एक्कावन्न प्लेटी मागवल्या!”