यू नसलेले क्यू

शाळांच्या स्क्रॅबल फायनलला तासभर होता. गेल्या वर्षीची विजेती रेनेल पोर्ट ऑफ स्पेनमध्ये डबल्सच्या, म्हणजे चणे भरलेल्या मऊ पुऱ्यांच्या, गाडीपुढे रांगेत उभी होती. तिच्या पुढेच होती आज तिच्याशी खेळणारी किझी, सोबत तिची तयारी घेणारी मावशी, टँटी मर्ल.

"क्यू आहे, पण यू नाही असे शब्द. बोल!"

"क्यू-ए-टी. चघळायचा पाला, टँटी."

"क्यू-आय?"

"अंगातली प्राणशक्ती."

"क्यू-ए-आय-डी?"

"टोळीचा सरदार. अगं, अर्थाला गुण नसतात!"

"माझ्या घरात असतात! अर्थ ठाऊक असला की शब्द मागे घ्यावासा वाटत नाही. गेल्या वर्षी ती रेनेल नुसती हसली आणि तू चांगला खरा शब्द पटावरून परत उचललास!"

"तेव्हा घाबरट होते मी."

"आज हसली तर?"

"हसू दे की! म्हणेन, कर चॅलेंज. शब्द खरा निघाला तर तिचीच पाळी जाईल."

"अश्शी माझी वाघीण! दादा, हिला दोन डबल्स, मिरची सढळ हाताने!"

किझी वळली. रेनेलला बघून दचकली, पण नजर काही खाली गेली नाही.

"गुड मॉर्निंग, रेनेल. ऐकलंस सगळं?"

"ऐकलं."

"बरं झालं. मला असे अजून चौदा येतात."