अण्णाचं ऑपरेशन आणि माझा खोकला

आमच्या मल्लेश्वरमच्या घरात ऑपरेशन म्हटलं की ते अण्णाचंच. माझ्या या थोरल्या भावाच्या आतड्याचा तुकडा काढला, त्याला जमाना झाला. पण घरातलं एकही कार्य त्या कहाणीशिवाय पार पडलं नाही. "ऑपरेशननंतर पहिल्यांदा खोकलो ना, सगळे देव आठवले!" इथे पंगतीतले हात थांबायचे.

मग यंदा माझ्याही आतड्यात गाठ निघाली. गाठीपेक्षा मला त्या खोकल्याचीच धास्ती! भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटाकडे जाणाऱ्या नसाच बधिर करून ठेवते. दुखेल, पण स्वल्प."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी अण्णा हॉस्पिटलात आला, तर मी खुर्चीत बसून कॉफी पितोय. त्याला ते मुळीच आवडलं नाही.

"खोकला येऊ दे, मग कळेल," म्हणत त्यानं उशी उचलली. "ही पोटाशी धरायची."

तेवढ्यात नर्स आली. "सार्, छाती मोकळी व्हायला हवी. जरा खोका."

मी जीव मुठीत धरून खोकलो. जरासं ओढल्यासारखं झालं, बस्स! मग मुद्दाम एकदा दणदणीत खोकलो, पार लिफ्टपर्यंत ऐकू जाईल असा.

"आई गं!"

बघतो तर अण्णा, उशी स्वतःच्याच पोटाशी गच्च धरून उभा!

"फार दुखलं का रे?" मी विचारलं.

परवा भाच्याच्या मुंजीत त्यानं पंगतीत पुन्हा सुरुवात केली, "माझं ऑपरेशन झालं तेव्हा..."

मी फक्त खोकलो.